भुवईवर वाजणारी बेल

ओव्हाळ मॅडम प्रयोगशाळेत आल्या की पोरं गप्प व्हायची. त्या चिडक्या होत्या म्हणून नव्हे. त्या दारातच थांबून हवा हुंगायच्या. मग सरळ एखाद्या टेबलापाशी जाऊन म्हणायच्या, "चार आणि सात नंबरचे पाय उलटे जोडलेत. सप्लाय बंद कर. चिपला हात नको लावू, चटका बसेल." त्या टेबलावरच्या पोराला तोवर कसलाही वास आलेला नसायचा.

हायवेपासून आत, भातखाचरांच्या कडेला आमचं तंत्रनिकेतन. मी लोणावळ्याहून यायचे, मॅडम टाकव्याहून. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारीशेजारी होती. ऑप-अँपचं प्रॅक्टिकल मात्र त्या कुणाला घेऊ द्यायच्या नाहीत. ऑप-अँप म्हणजे आठ पायांची एक काळी चिप. अगदी बारीक सिग्नल ती हजारपट मोठा करून देते. तिच्या एका पायाला अधिक बारा व्होल्ट लागतात, दुसऱ्याला उणे बारा, आणि दोन्हींच्या मधोमध शून्य. हे शून्य म्हणजे सगळी मोजमापं जिथून करायची ती जागा. गंमत अशी, की चिपला शून्याचा पायच नसतो. म्हणून पोरं ते जोडायचंच विसरतात, किंवा सप्लायवरचं हिरवं टर्मिनल, जे नुसतं इमारतीच्या अर्थिंगचं असतं, त्यालाच शून्य समजून बसतात. मग आउटपुट वर जाऊन चिकटतं ते खाली येत नाही.

"शून्य कुठाय?" मॅडम विचारायच्या. पोरगं हिरव्यावर बोट ठेवायचं.

"ते जमिनीचं. तुझं कुठाय?"

सप्लायच्या पहिल्या बाजूचं काळं टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूचं लाल एकत्र जोडलं की शून्य तयार होतं, हे पोराला स्वतः सापडेपर्यंत त्या टेबलापासून हलायच्या नाहीत. सांगून टाकायच्याही नाहीत. तास संपला, बस आली, तरी नाही. शिकाऊ पोरांनी त्यांचं नाव शून्य मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "मोजलंस का?" सप्लाय चालू केला की त्या करंटची मर्यादा आधी अगदी खाली आणायच्या, मग मीटरनं अधिक बाजू मोजायच्या, मग उणे बाजू, आणि मगच चिप बसवायला परवानगी. सप्लायच्या काट्यावर बारा दिसतात ना, असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "तो त्याचं सांगतोय. तू मोजलंस का?" डबा खाताना मी भाजी खारट झालीय म्हटलं, तरी त्या आधी चमचाभर घेऊन बघायच्या आणि मगच मान हलवायच्या. जेवायच्या उभ्यानं, खिडकीशी. बसून जेवलं की झोप येते म्हणायच्या. माणूस म्हणून जरा कोरड्या. स्टाफरूममधल्या वाढदिवसांना केक कापून व्हायच्या आत निघून जायच्या.

त्यांचे यजमान राजाभाऊ म्हणजे याच्या अगदी उलट. टाकव्याजवळच्या एका कारखान्यात ते शिफ्टमध्ये कामाला होते. पण त्यांची खरी ओळख होती आवाजाची. मावळात कुठंही बैलगाडा शर्यत असली, की घाटावरच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरच्या, माईकवर राजाभाऊ. गाडा सुटल्यापासून निशाणापर्यंतच्या त्या काही सेकंदांत त्यांच्या तोंडून जे बाहेर पडायचं, त्याला श्वास घ्यायची जागा नसायची. गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, मागच्या यात्रेतली खोड, सगळं. एकदा मॅडमनी मला आग्रहानं नेलं होतं. त्यांनी कधी कुठल्या गोष्टीचा आग्रह केलेला तो एकच. नवऱ्याचा आवाज स्पीकरवरून डोंगराला धडकून परत येत होता आणि या बाई पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या होत्या, हसत. मधल्या सुट्टीत राजाभाऊ आमच्याकडे आले. "जय भीम मॅडम," मला म्हणाले. "हिला इचारा की, कसं झालं. ही न्हाई सांगायची. ही घरी जाऊन मोजनार, मंग सांगनार."

"तिसऱ्या गाड्याला तुम्ही गावाचं नाव चुकलात," मॅडम म्हणाल्या.

"बगा," राजाभाऊ म्हणाले, आणि खूश होऊन परत माईककडे गेले.

पुढच्याच हंगामात असल्याच एका घाटावर त्यांच्या हातातून माईक निसटला. उचलला, परत निसटला. मग शब्द जड येऊ लागले. गर्दीतल्या कुणीतरी ओरडून विचारलं, सकाळच्यालाच घेतली का राव. राजाभाऊ जन्मात कधी प्याले नव्हते. त्या दिवशी ते माईक दुसऱ्याच्या हातात देऊन घरी आले आणि मॅडमना म्हणाले, "माजी जीब माजं ऐकंना."

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी मरत चालल्यात. हात जातील, पाय जातील, गिळणं जाईल, शेवटी श्वास. डोकं मात्र लख्ख राहील. औषध नाही. मॅडमनी विचारलं, "तुम्ही काय मोजलंत?" डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं स्नायूंत सुया घालून काढलेले आलेख त्यांच्यासमोर पसरले. मॅडमनी ते एकेक करून पाहिले. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, खिडकीशी उभ्या राहून, डबा न उघडता. "आलेख बरोबर आहेत," म्हणाल्या. "मी शंका घ्यायला जागा शोधत होते."

दीड-दोन वर्षांत राजाभाऊ पलंगाला लागले. नाकातून नळी, तिच्यातून पातळ अन्न. लाळ गिळता यायची नाही, ती ओढून काढायला एक छोटं मशीन. घरात सासूबाई होत्या, त्यांना ऐकू कमी यायचं. मॅडम सकाळी सगळं उरकून कॉलेजला यायच्या, दुपारी धावत जायच्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला.

एका रविवारी मॅडम मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. सासूबाई पलंगाशेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या, राजाभाऊंकडे पाठ करून. मॅडम आत आल्या तेव्हा राजाभाऊंचा चेहरा निळा पडत होता. लाळ घशात अडकली होती. हाक मारायला आवाज नाही, हात हलवायला हात नाही. आई हाताच्या अंतरावर. मॅडमनी मशीन लावलं, लाळ ओढली, आणि ते वाचले. सासूबाई नंतर कितीतरी दिवस एकच म्हणत राहिल्या, "मी हितंच व्हते गं. हितंच बसलेवते."

त्या दिवसापासून मॅडमना खोली सोडवेना. कॉलेजात आल्या तरी दर थोड्या वेळानं फोन. सोल्डरिंगचे टाके चुकायला लागले होते. मी पाहायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

मग एके दिवशी त्या वर्गातून थेट माझ्या टेबलाशी आल्या. "त्यांची भुवई हलते," म्हणाल्या. "उजवी. मी सकाळी त्यांची दाढी करत होते तेव्हा बघितलं. मुद्दाम हलवायला सांगितलं, तर हलवली."

स्नायू हलला की कातडीवर अगदी सूक्ष्म वीज उमटते. ती पकडायची, ऑप-अँपनं मोठी करायची आणि तिच्यावर सासूबाईंनाही ऐकू जाईल अशी बेल वाजवायची. म्हणजे राजाभाऊंना हाक मारता येईल. कल्पना नवी नव्हती. असली यंत्रं बाहेर मिळतात, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हती आणि यायला महिने लागले असते. महिने आहेत की नाहीत हे कुणाला माहीत नव्हतं.

तास संपले की मॅडम सप्लायपुढे उभ्या राहायच्या. अधिक बारा, उणे बारा, मधे शून्य. सिग्नल जनरेटरमधून भुवईइतका बारीक खोटा सिग्नल द्यायचा आणि बाहेर काय येतं ते बघायचं. टेबलावर सर्किट दोन दिवसांत चाललं. मी म्हटलं, हाच सप्लाय घरी घेऊन जाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोरांच्या रांगेत जाऊन बसले. "हा भिंतीला जोडलेला आहे. त्यांच्या कपाळाला तारा लावायच्यात. आत काही बिघडलं तर?" घरासाठी त्यांनी दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या घेतल्या, एकीचं अधिक टोक दुसरीच्या उण्याला जोडलं आणि मधून शून्याची तार काढली. पोरांना शिकवायच्या तेच, फक्त भिंतीपासून तोडलेलं.

घरी पहिल्या दिवशी भुवईचा सिग्नल सापडेचना. पंखा, ट्यूब, शेजारचा पंप, सगळ्यांची घरघर त्या तारांत शिरत होती आणि बेल आपोआप वाजत सुटली होती. सासूबाई म्हणाल्या, "बंद कर ती पिडा." मॅडमनी तारांना पीळ दिला, शून्याच्या तारेच्या टोकाची चकती कपाळावरून काढून कानामागच्या हाडावर चिकटवली, पंखा बंद केला. घरघर गेली. मग त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, मला हाक मारा."

बेल वाजली.

 त्या स्वयंपाकघरात गेल्या. बेल वाजली. त्या आल्या, "काय हवंय?" काही नको होतं. त्या अंगणात गेल्या. बेल वाजली. दारातून डोकावल्या. राजाभाऊंचे डोळे हसत होते. त्या दुपारी त्यांनी ती बेल इतक्यांदा वाजवली की सासूबाईंनासुद्धा राहवेना. "आरं बास की, लेका," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या.

त्या बेलवर ते बोलायलाही लागले. एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नको. मॅडम पूर्ण वेळ कामावर यायला लागल्या. त्यांनी खिडकीशी उभं राहून माझ्या डब्यातला लाडू मागून खाल्ला. मधे एकदा बेल मुकी झाली. सासूबाईंचा फोन आला तशा मॅडम तास अर्धवट टाकून धावल्या, तर उणे बाजूची बॅटरी संपलेली. अधिक बाजू ठणठणीत, त्यामुळे सर्किटवरचा दिवा लागलेला, पण सर्किट आंधळं. त्यानंतर त्या दोन्ही बॅटऱ्या सकाळ-संध्याकाळ मोजायच्या.

आता सांगते तो रविवार मला विसरता येत नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, श्वास कमी होत चाललाय. घशाला भोक पाडून श्वासाच्या मशीनवर ठेवायचं का, ते शुद्धीत असताना ठरवा. मी सहज गेले होते. मॅडमनी मला बाहेर बस म्हटलं नाही, म्हणून मी उंबऱ्यापाशी बसले. त्यांनी राजाभाऊंना सगळं समजावलं, न गाळता. किती दिवस मिळतील, कसे असतील. मग विचारलं, "मशीन लावायचं का?"

बेल दोनदा वाजली.

मॅडम उठल्या. मीटर आणला. अधिक बाजू मोजली, उणे बाजू मोजली. कपाळावरची चकती काढून, कातडी पुसून, नवी चिकटवली. कानामागची दाबून पाहिली. परत पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मशीन लावायचं का?"

दोनदा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आता उलटं विचारते. मशीन नको असेल, तर एकदाच वाजवा. एकदाच. हवं असेल तर दोनदा."

 मी मनात म्हणत होते, दोनदा वाजू दे. बेल एकदा वाजली. मॅडम उभ्याच राहिल्या, दुसऱ्या आवाजाची वाट बघत. तो आला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. मीटर बंद करून त्यांनी तारा त्याच्याभोवती गुंडाळल्या. "तुमचं बरोबर वाजलं."

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनतो गं?" मॅडम त्यांच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. म्हाताऱ्या बाईनं फक्त मुलाच्या पायावर हात ठेवला.

दिवाळीनंतर बेल पुन्हा मुकी झाली. मॅडम ते सर्किट पिशवीत घालून प्रयोगशाळेत आल्या. चेहऱ्यावर घाई होती, आणि मला वाटतं थोडी आशाही. "बॅटऱ्या नव्या घातल्या, तरी नाही," म्हणाल्या. "आत काहीतरी गेलंय." शेजारणीला घरी बसवून आल्या होत्या. त्यांनी सप्लाय ओढला. अधिक बारा, उणे बारा, शून्य. मोजलं. खोटा सिग्नल दिला.

बेल वाजली.

सिग्नल आणखी बारीक केला. वाजली. त्याहून बारीक. वाजली. त्यांनी चिप काढून नवी घातली. वाजली. जुनी परत घातली. तारा एकेक करून ओढून पाहिल्या, टाके भिंगाखाली पाहिले, चकत्यांच्या तारा मीटरवर तपासल्या. सगळं शाबूत. मी बाजूला उभी होते. आजवर कुठल्याही सर्किटात बिघाड सापडला की जीव भांड्यात पडायचा. त्या दिवशी एखादी तुटकी तार दिसावी म्हणून मी देवाला विनवत होते.

"मॅडम," मी म्हटलं, "सर्किट बरोबर आहे."

"परत मोजते."

"मॅडम."

"एखादी तार अधूनमधून सुटत असेल. हलवून बघायला पाहिजे." त्या बोर्ड हलवत राहिल्या. बेल वाजतच होती. दारात दोन मुली जर्नलवर सह्या घ्यायला आल्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या. शेवटी मी हात पुढे करून जनरेटर बंद केला, मग सप्लाय. मॅडम स्टुलावर बसल्या. मी त्यांना प्रयोगशाळेत बसलेलं तेव्हाच पाहिलं.

"म्हणजे भुवई गेली," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "काल संध्याकाळी मी त्यांना रागावले. म्हटलं, जोर लावा, आळस करू नका."

त्यांनी त्याच आठवड्यात रजा टाकली, आणि रजा संपली तेव्हा नोकरी सोडली. राजाभाऊंचे डोळे अजून फिरत होते. वर पाहिलं तर हो, खाली पाहिलं तर नको, एवढं बोलणं उरलं होतं. पण त्यासाठी कुणीतरी समोर बसून त्यांच्याकडे बघत राहायला हवं. डोळ्यांवर बेल करायचा मॅडमनी प्रयत्न केला. कानशिलांवर चकत्या लावल्या. पण डोळ्याचा सिग्नल संथ; घामानं, डोकं जरा कलंडल्यानं आउटपुट आपोआप सरकत जायचं आणि चिकटून बसायचं. खरी हाक आणि खोटी हाक ओळखता येईना. मी दोनदा जाऊन मदत केली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सगळं टेबलावरून काढून खोक्यात ठेवलेलं होतं. "खोट्या बेलवर मी त्यांना सोडून जाणार नाही," त्या म्हणाल्या. मॅडमचे डोळे खोल गेले होते. मी बसते, तुम्ही तासभर पडा, असं म्हटलं तर ऐकलं नाही. नर्स ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "ठेवली होती. फोनमध्ये बघत होती." मग त्या राजाभाऊंच्या तोंडाकडे बघत बसल्या. मी उठून आले ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर मी एकदाच गेले. थंडी सरत आली होती. दुपारची वेळ, दार नुसतं लोटलेलं. मी आत पाऊल टाकलं तर मॅडम पलंगाच्या कडेला खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचं डोकं राजाभाऊंच्या उशीवर कलंडलं होतं. तोंड किंचित उघडं. चष्मा नाकावर तिरका. एक हात लाळ ओढायच्या मशीनच्या नळीवर तसाच राहिला होता. त्यांना झोप लागली होती.

राजाभाऊ जागे होते. त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ साठली होती आणि श्वासाबरोबर घशात बारीक खरखर होत होती.  मी हळूच वाकून विचारलं, "भाऊ, उठवू का त्यांना?"

त्यांनी डोळे खाली नेले.

"खरखर होतेय. मशीन लावायला पाहिजे."

डोळे परत खाली. मग वर मॅडमकडे, आणि पुन्हा खाली.

मी पदरानं त्यांच्या ओठाचा कोपरा पुसला आणि त्यांची मान जराशी कुशीला वळवली, मॅडम करताना पाहिलं होतं तशी. खरखर कमी झाली, थांबली नाही. मी जमिनीवर बसले, त्यांचं तोंड दिसेल अशी. आतून सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या. "सुजाता," अशी सुनेला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मुलाकडे लक्ष गेलं. त्यांनी त्याचे डोळे पाहिले. कप खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसल्या.

राजाभाऊ त्यानंतर पंधरवड्यात गेले, मी तेव्हा गावी होते. मॅडम मुलीकडे नाशिकला निघून गेल्या, सासूबाईंनाही घेऊन. फोन केला तर दोन शब्द बोलतात. मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारीच शेवटचं. चहावर साय धरली. म्हातारी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. राजाभाऊ खरखरणाऱ्या श्वासानं छताकडे बघत होते, आणि आम्ही तिघं जरासुद्धा आवाज न करता बसून होतो, मॅडमना झोपू देत.